प्रारणसहत्वाचा दावा आणि काळाचे माप : नॅनोसंमिश्र विद्युत् निरोधकांवरील संशोधनाचे परीक्षण

बहुवारिक द्रव्यात अल्प प्रमाणात अतिसूक्ष्म अकार्बनी कण मिसळले असता त्याचे विद्युत् निरोधक गुण सुधारतात, हे प्रतिपादन आता नवे राहिलेले नाही. नवा आहे तो त्यावर चढविलेला दुसरा मजला. अशी नॅनोसंमिश्र द्रव्ये गॅमा किरणांच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली साध्या बहुवारिकापेक्षा अधिक टिकतात, आणि म्हणून अणुवीज केंद्रांतील केबलींची आवरणे, कणत्वरकांतील वेटोळ्यांची निरोधने व अंतराळयानांतील निरोधक भाग यांसाठी ती योग्य होत, असे गेल्या दोन दशकांतील अनेक शोधनिबंधांच्या समारोपात वाचावयास मिळते. ‘अधिक टिकतात’ या शब्दांचा अर्थ त्या निबंधांत बहुधा ‘अधिक मात्रा सोसतात’ एवढाच असतो. वाचणारा मात्र तो ‘अधिक वर्षे टिकतात’ असा घेतो, आणि लिहिणाराही त्याला तसा घेऊ देतो. या दोन अर्थांत अंतर किती आहे, आणि नॅनोकणांच्या योगे ते कमी होते की वाढते, हा या परीक्षणाचा विषय आहे.

प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा नाही. एका अणुवीज केंद्रात शेकडो किलोमीटर लांबीच्या केबली अंथरलेल्या असतात. त्यांपैकी अणुभट्टीच्या संरक्षक वास्तूत असलेल्या केबलींना उष्णता, ऑक्सिजन आणि प्रारण ही तिन्ही वर्षानुवर्षे एकदम सोसावी लागतात. एरव्ही त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु शीतकाची नळी फुटून वास्तूत वाफ भरली, तर दाब व तपमान मोजणाऱ्या उपकरणांचे संकेत याच केबलींतून बाहेर यावयाचे असतात. म्हणजे आवरण वृद्ध झाल्यानंतर त्याची खरी परीक्षा व्हावयाची असते. ठिसूळ झालेले आवरण कोरड्या हवेत निश्चल पडून असते तोवर त्याचा विद्युत् रोध उत्तम दिसतो. त्याला तडा गेला आणि तड्यात वाफ शिरली, की तो रोध तत्क्षणी नाहीसा होतो.

प्रारणाचा बहुवारिकांवरील परिणाम एकसुरी नाही, हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. हार्वेल येथील अणुभट्टीत ठेवलेल्या पॉलिएथिलिनाच्या शृंखला एकमेकींशी आडव्या बंधांनी जोडल्या जातात, हे आर्थर चार्ल्‌स्बी यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. या जालबंधनामुळे पॉलिएथिलीन अधिक उष्णता सोसू लागते. केबलींच्या आवरणांवर मुद्दाम इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांना बळकटी आणण्याचा मोठा उद्योग याच शोधातून उभा राहिला. परंतु त्याच मुक्त मूलकांच्या शेजारी ऑक्सिजन असेल, तर गोष्ट निराळी होते. मूलक ऑक्सिजनाशी संयोग पावून पेरॉक्सी मूलक बनतो, तो शेजारच्या शृंखलेतील हायड्रोजन हिरावून घेतो, हायड्रोपेरॉक्साइडे साचतात, ती कालांतराने विघटन पावतात आणि शृंखला तुटतात. तात्पर्य, एकच मात्रा एकाच द्रव्याला निर्वातात दृढ करते व हवेत जर्जर करते. नॅनोसंमिश्रांविषयीचा कोणताही दावा वाचताना प्रथम हे विचारले पाहिजे, की नमुना कोणत्या वातावरणात ठेवला होता आणि ऑक्सिजन त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचला होता काय.

नॅनोसंमिश्रांच्या मूळ सिद्धांताला मात्र त्याचे श्रेय दिले पाहिजे. टी. जे. लुइस यांनी १९९४ साली नॅनोमितीय अपारकांवरील आपल्या निबंधात हे सुचविले, की कणांचा आकार काही नॅनोमीटरांवर आला म्हणजे द्रव्याचे गुणधर्म कण किंवा बहुवारिक यांपेक्षा त्या दोहोंमधील आंतरपृष्ठच ठरवू लागते. प्रयोगांचा आधार तेव्हा तुटपुंजा होता. विचार मात्र पक्का होता. २००४ साली नेल्सन व फोदरगिल यांनी एपॉक्सी राळेत टायटॅनियम डाय-ऑक्साइडाचे मोठे कण आणि नॅनोकण निरनिराळे मिसळून तुलना केली. त्यात नॅनोकणांच्या संमिश्रात अवकाशभार, म्हणजे द्रव्याच्या पोटात अडकून राहणारा विद्युत् भार, पुष्कळच कमी साचतो असे आढळले. पुढच्याच वर्षी तनाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी कणाभोवती घट्ट जोडलेला, काहीसा जखडलेला आणि सैल असे तीन थर कल्पून या निरीक्षणांना एक चित्र दिले.

या चित्राचे बळ साध्या भूमितीत आहे. २० नॅनोमीटर व्यासाचे कण घनफळाने २ टक्के मिसळले आणि प्रत्येकाभोवती २० नॅनोमीटर जाडीचा थर कणाच्या प्रभावाखाली आहे असे मानले, तर त्या थरांचे एकत्रित घनफळ एकूण द्रव्याच्या सुमारे ५२ टक्के भरते. तेच कण १० मायक्रोमीटर व्यासाचे असते, तर तितक्याच जाडीच्या थरांचा वाटा ०.०२५ टक्क्यापेक्षाही कमी राहिला असता. भरणद्रव्याचे वजन तेच, किंमत जवळपास तीच. पण अर्धे बहुवारिक आपला मूळ स्वभाव सोडून आंतरपृष्ठाच्या सत्तेखाली आले. हा युक्तिवाद निर्दोष आहे. त्यावरून काढलेली विद्युत् गुणांविषयीची अनुमानेही पुष्कळ अंशी प्रयोगाने समर्थित झालेली आहेत.

अडचण सुरू होते ती या विद्युतीय यशावरून प्रारणसहत्वाकडे मारलेल्या उडीत. त्या उडीचे समर्थन म्हणून साधारणतः तीन कारणे सांगितली जातात. कणांचे पृष्ठ मुक्त मूलकांना पकडून निकामी करते, हे पहिले. पातळ पत्र्यांसारखे कण ऑक्सिजनाची वाट अडवितात, हे दुसरे. आंतरपृष्ठातील खोल सापळे प्रारणाने मोकळ्या झालेल्या विद्युत् भारांना स्थानबद्ध करतात, हे तिसरे. तिन्ही कारणे भौतिक दृष्ट्या शक्य कोटीतील आहेत. परंतु कारण शक्य असणे आणि ते पुरेसे असणे या दोन गोष्टी होत.

पहिल्या कारणाची छाननी कागदावर करता येते, आणि ती इतकी सोपी आहे की बहुतेक निबंधांत ती का आढळत नाही याचे आश्चर्य वाटते. पॉलिएथिलिनात प्रारणाच्या दर ज्यूल ऊर्जेमागे सुमारे ०.३ मायक्रोमोल मूलक निर्माण होतात असे धरू. हा अंदाज उणाच आहे. १० लाख ग्रे मात्रेला, म्हणजे दर किलोग्रॅमात १० लाख ज्यूल ऊर्जा शोषली गेली असता, एका किलोग्रॅमात ०.३ मोल मूलक तयार होतात. दर २४० कार्बन अणूंमागे साधारण एक. आता वर घेतलेलेच संमिश्र पाहू. २० नॅनोमीटरच्या सिलिका कणांचे घनफळ २ टक्के असता दर किलोग्रॅम बहुवारिकामागे कणांची संख्या सुमारे ५.३ गुणिले दहाचा अठरावा घात इतकी येते. म्हणजे १० लाख ग्रे मात्रेत एका कणाच्या वाट्याला सुमारे ३४,००० मूलक येतात. कणाचे पृष्ठ सुमारे १,२५७ चौरस नॅनोमीटर. पूर्णतः जलयुक्त सिलिकेच्या पृष्ठावर दर चौरस नॅनोमीटरास सुमारे ४.६ हायड्रॉक्सिल गट असतात. तेव्हा सगळे मिळून ५,८०० च्या आसपास. प्रत्येक गटाने एकेक मूलक पकडला, एकही गट कणांच्या पुंजक्यात दडून राहिला नाही, आणि जोडक रसायनाने एकही व्यापला नाही, असे अत्यंत उदार गृहीत धरले तरी कणांची ही शिदोरी सुमारे १.७ लाख ग्रे मात्रेला संपते.

याचा अर्थ कण निरुपयोगी ठरतात असा नव्हे. ते एखाद्या मूलकाला पकडून पुन्हा मोकळे होत असतील, किंवा शृंखलांची हालचाल मंदावून मूलकांना परस्परांशी जुळावयास अवधी देत असतील, तर त्यांचा उपयोग संख्येने मर्यादित राहणार नाही. परंतु मग लेखकाने तसे म्हटले पाहिजे व त्याचा पुरावा दिला पाहिजे. ‘पृष्ठ मूलक शोषून घेते’ एवढ्या वाक्यावर २० लाख ग्रे मात्रेपर्यंतचे संरक्षण उभे करता येत नाही. साधे प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यही मूलक पकडते व संपते. ते किती उरले हे मोजण्याची शिस्त केबलींच्या रसायनशास्त्रात रुळलेली आहे. नॅनोकणांच्या बाबतीत ती शिस्त सैल करण्याचे कारण दिसत नाही.

आंतरपृष्ठ हे प्रारणाखाली तटस्थ राहते, हे गृहीतही तपासून घेण्यासारखे आहे. पेत्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निरनिराळ्या ऑक्साइडांच्या पृष्ठावर शोषलेल्या पाण्याचे गॅमा किरणांखाली विघटन कसे होते हे तपासले. झिर्कोनियमाच्या ऑक्साइडासारख्या काही ऑक्साइडांच्या पृष्ठावर हायड्रोजनाची निपज कितीतरी पटींनी वाढलेली आढळली, तर काहींवर ती घटली. म्हणजे कणाच्या पोटात शोषलेली ऊर्जा पृष्ठापर्यंत चालत येऊन तेथील रेणू फोडू शकते, आणि हे घडते की नाही ते ऑक्साइडाच्या जातीवर अवलंबून असते. नॅनोकणांवर आर्द्रतेचा थर जवळपास नेहमीच असतो. शिवाय कण बहुवारिकात नीट पसरावेत म्हणून त्यांना जे सेंद्रिय जोडक लावलेले असते, ते स्वतःच प्रारणाने तुटणारे आहे. अर्धे द्रव्य आंतरपृष्ठाच्या सत्तेखाली आहे ही ज्या सिद्धांताची प्रौढी, त्याने आंतरपृष्ठच कुजले तर अर्धे द्रव्य संकटात आहे हेही मान्य करावयास हवे.

दुसरे कारण, ऑक्सिजनाची वाट अडविण्याचे, सर्वांत आकर्षक आहे आणि सर्वांत फसवे आहे. ते का, हे कळण्यासाठी प्रारणाच्या चाचण्यांचा इतिहास थोडा सविस्तर पाहणे अवश्य आहे.

अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९७४ साली अणुवीज केंद्रांतील केबलींच्या चाचणीसाठी जी मानके घालून दिली, त्यांच्या अनुषंगाने एक आकडा रूढ झाला : चाळीस वर्षांच्या नित्य सेवेबद्दल ५० मेगॅरॅड आणि अपघाताबद्दल आणखी १५०, मिळून २०० मेगॅरॅड, म्हणजे आजच्या एककात २० लाख ग्रे. यांतील पहिले ५० मेगॅरॅड चाळीस वर्षांत विभागले, तर दर तासाला सुमारे १.४ ग्रे पडतात. प्रयोगशाळेतील कोबाल्ट-६० च्या कोठडीत मात्रेचा दर ताशी १०,००० ग्रे धरला, तर तीच मात्रा ५० तासांत पुरी होते. सोमवारी सकाळी ठेवलेला नमुना बुधवारी दुपारी चाळीस वर्षांचा होऊन बाहेर येतो. दोन दरांत ७,००० पट अंतर आहे. एकूण मात्रा सारखी असली की परिणाम सारखा, हे तत्त्व खरे असते तरच ही सोय निर्धोक ठरली असती.

ते तत्त्व खरे नाही, हे दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना नदीकाठच्या अणुकेंद्राने दाखवून दिले. तेथील ‘के’ अणुभट्टीच्या वास्तूत पॉलिएथिलिनाचे निरोधन व त्यावर पॉलिव्हिनाइल क्लोराइडाचे वेष्टन असलेल्या केबली सुमारे १२ वर्षे सेवेत होत्या. तपमान ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास, मात्रेचा दर ताशी २५ रॅडच्या घरात, आणि एकूण मात्रा जास्तीत जास्त २.५ मेगॅरॅड. तत्कालीन चाचण्यांचे आकडे प्रमाण मानले असते तर या मात्रेने पॉलिएथिलिनाला विशेष काही व्हावयास नको होते. प्रत्यक्षात निरोधन अत्यंत ठिसूळ होऊन गेले होते. मानकातील नित्य सेवेच्या मात्रेचा हा अवघा विसावा हिस्सा.

सँडिया प्रयोगशाळेतील गिलेन, क्लफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या केबलींचा जो छडा लावला, तो या क्षेत्रातील उत्तम संशोधनाचा नमुना म्हणून आजही वाचावा असा आहे. त्यांनी दाखविले की मात्रा तीच ठेवून दर कमी केला तर ऱ्हास वाढतो. नायट्रोजनाच्या वातावरणात तो फारसा होत नाही. आणि आधी प्रारण व मागाहून उष्णता दिली तर होणारे नुकसान, क्रम उलटा केला असता होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी अधिक असते. शेवटच्या निरीक्षणाचा उलगडा सुंदर आहे. प्रारणाने पेरॉक्साइडे निर्माण होतात. उष्णता ती फोडून नव्या मूलकांना जन्म देते. उष्णता आधी दिली, तर फोडावयास काही नसतेच. एकाच द्रव्याला एकच दोन आघात, केवळ क्रम बदलल्याने निराळे भोवतात, ही गोष्ट ‘एकूण मात्रा’ या एका आकड्यात कशी मावणार?

दराचा परिणाम होण्याचे सर्वांत साधे कारण ऑक्सिजनाच्या विसरणात आहे. मारा तीव्र असला की मूलक इतक्या वेगाने निर्माण होतात की आत येणारा ऑक्सिजन पृष्ठालगतच खर्च होतो. गाभ्यापर्यंत तो पोहोचतच नाही. पृष्ठाचा थर ऑक्सिडीभूत होतो आणि गाभा निर्वातात असल्याप्रमाणे जालबंधित होऊन, उलट, सुदृढ दिसतो. ऑक्सिडीभवनाचा हा थर किती खोल जाईल ते ऑक्सिजनाची पार्यता व त्याच्या खर्चाचा वेग यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. खर्चाचा वेग मात्रेच्या दराच्या प्रमाणात वाढतो असे मानले, तर ७,००० पट दराला हा थर सुमारे ८४ पट उथळ होतो.

आता नॅनोकणांची गोष्ट. माँटमोरिलोनाइट मातीचे पत्रे सुमारे एक नॅनोमीटर जाड व त्याच्या शंभरपट वा अधिक रुंद असतात. नील्सेन यांनी १९६७ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे, असे शंभरपट रुंद पत्रे २ टक्के घनफळाने नीट आडवे बसविले, तर वायूला इतके वळसे घ्यावे लागतात की पार्यता जवळजवळ निम्मी होते. निम्म्या पार्यतेचा अर्थ, तीव्र चाचणीत ऑक्सिडीभवनाचा थर आणखी ३० टक्क्यांनी उथळ. नमुन्याचा अधिक मोठा गाभा ऑक्सिजनापासून वाचतो. तो ताणून पाहिला तर साध्या बहुवारिकापेक्षा चांगला निघतो. आणि निबंधात प्रारणसहत्वाची नोंद होते. नोंद खोटी नाही. परंतु सेवेत असलेल्या आवरणाला चाळीस वर्षे मिळालेली असतात. मूलक अगदी सावकाश निर्माण होत असल्याने ऑक्सिजनाला निम्म्या वेगानेही गाभा गाठावयास अवधीच अवधी असतो, आणि एकदा तो तेथे पोहोचला की पत्र्यांचा अडसर निरर्थक ठरतो. पत्रे वायूची वाट लांबवितात, बहुवारिकात विरघळून राहणाऱ्या ऑक्सिजनाचे प्रमाण ते घटवीत नाहीत. जाड आवरणांत, किंवा सेवेतही जेथे दर बराच आहे अशा ठिकाणी, त्यांचा थोडा उपयोग होईल. मिलिमीटरभर जाडीच्या सामान्य केबलीत त्यांनी दिलेले संरक्षण बहुतांशी चाचणीच्या घाईचे अपत्य असण्याचा संभव आहे.

म्हणजे जी चाचणी साध्या बहुवारिकाला थोडी झुकते माप देते, ती नॅनोसंमिश्राला अधिक झुकते माप देते. तुलना करणाऱ्याची नेहमीची ढाल अशी असते, की दोन्ही नमुने एकाच कोठडीत एकाच दराने ठेवले होते, तेव्हा दोष असला तरी तो दोघांना सारखाच लागू आहे. वरील हिशेब ही ढाल काढून घेतो. दोष दोघांना सारखा लागू नाही.

आणखी एक गुंतागुंत अर्धस्फटिकी द्रव्यांची. जालबंधित पॉलिओलेफिनाचे निरोधन असलेल्या काही केबलींत सेलिना, गिलेन व इतरांना १९९६ साली असे आढळले, की प्रारणाखाली त्यांचा ऱ्हास उबदार तपमानापेक्षा सामान्य खोलीच्या तपमानास लवकर होतो. स्फटिकांच्या वितळण्याचे तपमान जवळ आले म्हणजे शृंखला हलू लागतात व तुटलेले बंध काही अंशी पुन्हा जुळतात. थंडीत ते तुटलेलेच राहतात. उष्णता वाढविली की चाचणी कडक होते, ही समजूत येथे उलटी पडते. नॅनोकण बहुवारिकाच्या स्फटिकीभवनातही हस्तक्षेप करतात. तेव्हा ७० किंवा ८० अंशांस मिळालेले अनुकूल फळ २५ अंशांस लागू करणे धाडसाचे आहे.

तिसरे कारण विद्युत् भारांच्या सापळ्यांचे. यावरील प्रयोग संख्येने सर्वांत अधिक आहेत आणि त्यांची एक समान उणीव अशी, की मोजमाप नमुना कोठडीबाहेर काढल्यानंतर होते. प्रारण चालू असताना निरोधकाची संवाहकता वाढते. फाउलर यांनी १९५६ साली दाखविल्याप्रमाणे ही वाढ मात्रेच्या दराच्या एका घाताने होते आणि तो घातांक सामान्यतः अर्धा व एक यांच्या दरम्यान असतो. ७,००० पट दराला तिचे प्रमाण म्हणूनच ८४ पटीपासून ७,००० पटीपर्यंत काहीही असू शकते. इतक्या वाढलेल्या संवाहकतेतून चाचणीच्या काळात अवकाशभार वाहून जातो. मंद प्रारणाखाली तो साचत राहील. बाहेर काढून, काही दिवस ठेवून, मग घेतलेले अवकाशभाराचे चित्र यांपैकी कोणत्याच अवस्थेचे नसते.

अंतराळयानांच्या बाबतीत सापळ्यांच्या युक्तिवादाची गंमतच होते. तेथे ऑक्सिजनाचा प्रश्न मागे पडतो, म्हणून नॅनोसंमिश्रांना ती जागा अधिक मानवेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतील वेगवान इलेक्ट्रॉन निरोधकाच्या पोटात जाऊन थांबतात, भार साचत जातो आणि अखेर आतल्या आत विसर्ग होतो. १९९० च्या जुलैत सोडलेल्या ‘क्रेस’ या अमेरिकन उपग्रहावर निरोधकांचे नमुने ठेवून अशा विसर्गांची प्रत्यक्ष नोंद घेतली गेली होती. या परिस्थितीत इष्ट असते ते साचलेला भार सावकाश झिरपून जाणे. खोल सापळे नेमके तेच होऊ देत नाहीत. उच्च दाबाच्या एकदिश विद्युत् केबलीत जो गुण, तोच अंतराळात अवगुण ठरू शकतो. तरीही दोन्ही उपयोग एकाच समारोपात, एकाच वाक्यात, शेजारीशेजारी नोंदविलेले अनेकदा आढळतात.

मोजमापाच्या निकषाविषयी थोडे सांगणे जरूर आहे. तुटण्यापूर्वी नमुना किती लांबतो हे वृद्धत्वाचे सर्वमान्य गमक आहे. ही लांबवाढ मूळच्या निम्म्यावर आली की आयुष्य संपले, असा एक निकष. ती मूळ लांबीच्या ५० टक्क्यांवर आली की संपले, असा दुसरा. साध्या बहुवारिकात या दोहोंतील निवड फारशी बोचत नाही. नॅनोकणांनी मात्र आरंभीची लांबवाढच पुष्कळदा घटते. समजा, साधा नमुना ५०० टक्के लांबत होता व प्रारणानंतर २०० टक्के लांबू लागला. संमिश्र १५० टक्क्यांवरून ९० वर आले. पहिल्या निकषाने संमिश्र जिंकते. केबल वाकवून पेटीत बसविणाऱ्या कारागिराच्या हातात कोणते आवरण आधी तडकेल, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही.

या सर्व आक्षेपांनंतर नॅनोसंमिश्रांचा पक्ष सोडून द्यावा असे निष्पन्न होत नाही. जालबंधन व शृंखलाभंग यांचा तोल आंतरपृष्ठाच्या योगे बदलता येतो, ही कल्पना मोलाची आहे आणि तिला अनुकूल निरीक्षणेही आहेत. युरोपात २०१७ ते २०२२ या काळात चाललेल्या ‘टीम केबल्स’ या संयुक्त प्रकल्पाने जालबंधित पॉलिएथिलिनात प्रतिऑक्सिडीकारके व भरणद्रव्ये एकेक करून मिसळून, मंद दराने व दीर्घकाळ प्रारण देऊन, रासायनिक बदलापासून विद्युतीय बदलापर्यंतची साखळी जोडण्याचा प्रयत्न केला. तेथील भरणद्रव्य, ॲल्युमिनियम ट्राय-हायड्रॉक्साइड, नॅनो आकाराचे नव्हते. पण पद्धत अनुकरणीय आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा विषय परका नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली, म्हणजे १९७४ ची मानके लिहिली जाण्यापूर्वीच, कार्यान्वित झाल्या आणि चाळीस वर्षांची मर्यादा त्यांनी २००९ मध्ये ओलांडली. अशा केंद्रात बदलून काढलेल्या केबलीचा प्रत्येक तुकडा हा, कोणत्याही कोठडीत घाईने मिळणार नाही असा, दीर्घ प्रयोगाचा सिद्ध नमुना असतो.

नव्या निबंधाकडून मागावयाचे ते फार नाही. एकाच संमिश्राचे नमुने किमान तीन निरनिराळ्या दरांनी प्रारित करावेत आणि त्यांतील सर्वांत मंद दर ताशी १० ग्रेच्या आसपास असावा. त्या दराने वर्षभरात सुमारे ८८,००० ग्रे मात्रा होते, म्हणजे सव्हाना नदीकाठी जेवढ्या मात्रेने आवरण गेले तिच्या सुमारे साडेतीनपट. नमुन्याच्या छेदावर पृष्ठापासून गाभ्यापर्यंत ऑक्सिडीभवनाचे मापन करून तो आलेख छापावा. आलेख सपाट नसेल तर लांबवाढीचे आकडे तुलनेस घेऊ नयेत. नॅनोकणांशेजारी तितक्याच वजनाच्या मोठ्या कणांचा नमुना आणि तितक्याच किमतीच्या जादा प्रतिऑक्सिडीकारकाचा नमुना, असे दोन प्रतिस्पर्धी ठेवावेत. यांतील शेवटचा प्रतिस्पर्धी आजवरच्या तुलनांत क्वचितच बोलाविला गेला आहे.